ओका येथील हिवाळा व ब्रदर विल्फ्रिड यांची कोंबडी

कॅनडातील क्वेबेक प्रांतात, माँट्रियल शहराच्या पश्चिमेस सुमारे पन्नास किलोमीटरांवर, ओका नावाचे लहानसे गाव आहे. ओटावा नदी येथे पसरून तिचे विस्तीर्ण सरोवर बनले आहे. त्यास फ्रेंच भाषेत ‘दोन डोंगरांचे सरोवर’ असे नाव आहे. उन्हाळ्यात पलीकडच्या हडसन गावी जाण्यासाठी या सरोवरातून मोटारी वाहून नेणारी फेरीबोट चालते. आणि हिवाळा पुरेसा कडक पडला म्हणजे त्याच पाण्यावर, गोठलेल्या बर्फाच्या पाठीवरून, मोटारींची वाट पाडतात. बेळगावच्या माणसाने ही गोष्ट प्रथम ऐकली म्हणजे त्याला ती थट्टा वाटते. आम्हांसही वाटली. पुढे आम्ही स्वतःच त्या वाटेने मोटारीतून पलीकडे गेलो, आणि काठ लागेपर्यंत डोळे मिटून, जपमाळ हातात धरून बसलो होतो, हे येथे कबूल केलेले बरे.

ओका येथे पाहावयासारखे पुष्कळ आहे. गावामागील टेकडीवर सुल्पिसियन संस्थेच्या धर्मगुरूंनी १७४० ते १७४२ या काळात उभारलेली क्रूसाच्या वाटेवरील लहान लहान प्रार्थनामंदिरे अद्याप उभी आहेत. गावाबाहेर ट्रॅपिस्ट मठवाशांचा जुना मठ आहे. १८८१ साली फ्रान्समधील बेलफाँतेन येथून काही मठवासी येथे आले व सुल्पिसियनांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी वस्ती केली. १९०२ व १९१६ अशा दोन वेळा त्यांचा मठ आगीत जळाला आणि दोन्ही वेळा त्यांनी तो पुन्हा बांधला. त्यांचे चीज सर्व कॅनडाभर प्रसिद्ध झाले, त्यांची शेतकी शाळा नावारूपास आली. पुढे मठवाशांची संख्या घटत गेली व २००९ साली उरलेले बंधू सें-झाँ-द-माथा येथील लहान मठात राहावयास गेले. आता चीज एक सहकारी दुग्धसंस्था बनविते. मठाची इमारत मात्र झाडीत शांतपणे उभी आहे. ज्या जमिनीची ही सारी कथा, तिच्यावर मोहॉक नावाच्या मूळ रहिवाशांचा हक्क फार जुना असून तो वाद आजही मिटलेला नाही. १९९० साली त्याच वादातून येथे ७८ दिवस सशस्त्र नाकेबंदी झाली होती. टेकडीवरील प्रार्थनामंदिरे पाहताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

तथापि आज आम्हांस लिहावयाचे आहे ते चौदा कोंबड्या व एक कोंबडा यांच्या पिण्याच्या पाण्याविषयी. वाचक हसतील. पण त्या गावी काढलेल्या दोन महिन्यांत आम्हांस सर्वांत अधिक शिकवण मिळाली असेल, आणि सर्वांत अधिक खजील व्हावे लागले असेल, तर ते या पाण्यापायी.

ओका येथे आमचा मुलगा नोकरीनिमित्त राहतो. जानेवारीच्या आरंभी आम्ही त्याच्याकडे पोहोचलो. त्याच्या परसापलीकडे एका वृद्ध विधवा बाईंचे घर होते. आमचा मुलगा त्यांना ‘मादाम’ म्हणे, म्हणून आम्हीही तसेच म्हणू. मादामांना इंग्रजी बेताचे येई, आम्हांस फ्रेंच मुळीच नाही. त्यामुळे आमचे बोलणे बहुधा मुलाच्या मध्यस्थीने, नाहीतर हातवाऱ्यांनी चाले. त्यांच्या परसात लाकडी खुराडे होते. त्यात चौदा पांढऱ्याशुभ्र, अंगाने भरलेल्या कोंबड्या होत्या, आणि नातवाने कोठल्याशा जत्रेतून हौसेने आणलेला लेगहॉर्न जातीचा एक पांढरा कोंबडा होता.

पहिल्याच दिवशी आमच्या ध्यानात आले ते असे की, कोंबड्याच्या डोक्यावर पाच दात्यांचा लालभडक तुरा डौलाने उभा असताना कोंबड्यांची डोकी मात्र बोडकी दिसत होती. आम्हांस वाटले, थंडीने झडले असावेत, किंवा बाईंनी कापले असावेत. मुलाने विचारून सांगितले, “बाबा, तुरे कापलेले नाहीत. ही जातच अशी आहे. शेजारच्या मठातल्या एका ब्रदरांनी तयार केलेली.”

ब्रदरांची हकीकत पुढे येईलच. आधी पाण्याचे सांगावयास हवे, कारण ते कळल्यावाचून ब्रदरांनी काय केले हे कळावयाचे नाही.

आमच्या लहानपणी घरी कोंबड्या असत. जांभळीच्या सावलीत मातीचे परळ ठेवलेले असे, आणि चैत्र-वैशाखात ते दिवसातून दोनदा भरले की कोंबड्यांच्या पाण्याची चिंता संपली. पाणी तापू नये एवढीच काय ती काळजी. ओका येथे सारे उलटे. आम्ही पोहोचलो त्या आठवड्यात पहाटे पारा उणे बावीस अंशांवर होता. बाहेर ठेवलेल्या पाण्यावर, दुधावर साय धरावी तसा, पाहता पाहता बर्फाचा पापुद्रा धरे. तासाभराने तो चोचीने फुटेनासा होई, आणि मग पाणी समोर असून कोंबडी तहानलेली राही. विहीर समोर आणि पोहरा नाही, अशातली गत!

अंडी देणारी कोंबडी दिवसाकाठी साधारण पाव लिटर पाणी पिते. खाण्याच्या वजनाच्या जवळ जवळ दुप्पट. अंड्याचे म्हणावे तर त्याच्यात तीन-चतुर्थांश पाणीच असते. पाणी तुटले की कोंबडी प्रथम खाणे सोडते, मग अंडी घालणे सोडते. एखादा दिवस पूर्ण कोरडा गेला तर बंद पडलेली अंडी पुन्हा सुरू होण्यास पुष्कळ दिवस लागतात. आम्ही सहज म्हणालो, “सभोवार एवढे बर्फ आहे, तेच नाही का खात?” मादामांनी मान हलविली. कोंबड्या बर्फ टोचतात, परंतु त्याची किंमत त्यांना आपल्या अंगातील उबेने द्यावी लागते. घरी येऊन आम्ही कागदावर हिशेब मांडला. शून्य अंशावरील एक ग्रॅम पाणी कोंबडीच्या अंगाइतके, म्हणजे सुमारे ४१ अंश, तापविण्यास ४१ कॅलरी उष्णता लागते. पण तेच एक ग्रॅम जर बर्फ असेल, तर ते नुसते वितळविण्यासच ८० कॅलरी खर्च होतात आणि वर या ४१. म्हणजे तिप्पट भुर्दंड, आणि तोही अशा दिवसांत की, जेव्हा खाल्लेला दाणा न् दाणा अंग गरम राखण्यास पुरत नाही.

मादामांची रीत साधी होती. टायरच्या रबरासारख्या जाड काळ्या रबराचे एक उथळ घमेले होते. सकाळी सव्वासातला, उजाडू लागता लागता, त्यात कोमट पाणी ओतून ते खुराड्यापुढील आडोशाला ठेवावयाचे. पाणी किती कोमट, तर तान्ह्या मुलास न्हाऊ घालताना कोपर बुडवून पाहतात तितके. त्यावर भोके पाडलेली एक लाकडी फळी तरंगत असे. भोकातून कोंबडीची चोच तेवढी आत जाई. चोचीखाली लोंबणाऱ्या तांबड्या पाळ्या भिजत नसत. अकरा वाजता घमेले बदलावयाचे, पुन्हा अडीच वाजता, आणि साडेचारच्या सुमारास कोंबड्या दांडीवर चढू लागल्या की ते उचलून घरात आणावयाचे. दर खेपेस घमेले उपडे करून त्याच्या बुडावर पाय देऊन दाबले की रबर वाके, मधले न गोठलेले पाणी सांडून जाई, आणि घमेल्याच्या आकाराची बर्फाची परात अखंड बाहेर पडे. त्या पराती मादाम कुंपणाला टेकवून ओळीने उभ्या करीत. दिवसाला तीन. नोव्हेंबरअखेरीपासून ती ओळ वाढत वाढत कुंपणाच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती.

रबरच का, असे आम्ही विचारले. पाणी गोठताना सुमारे एक-एकादशांश भागाने फुगते. मातीचे भांडे तडकते, ठिसूळ प्लॅस्टिक फुटते, पत्र्याच्या बादलीचे सांधे उकलतात. रबर ताणले जाते आणि पुन्हा जागेवर येते. काळ्या रंगामुळे थोडेसे ऊनही धरून ठेवते. पाणी मादाम परसातील नळाचे घेत व त्यात चुलीवरचे कढत पाणी मिसळीत. हा नळही पाहण्यासारखा. तेथील जमीन हिवाळ्यात सव्वा-दीड मीटरपर्यंत गोठते. म्हणून नळाची झडप त्याहूनही खोल पुरलेली असते, आणि वरची मूठ उचलली की एका लांब दांड्याने ती उघडते. मूठ खाली केली की झडप मिटते व उभ्या नळीत राहिलेले पाणी तळाशी घातलेल्या खडीत झिरपून जाते. नळी रिकामी, मग गोठावयाचे काय? ज्याने ही युक्ती काढली त्याला आमचा नमस्कार.

आता इतर उपाय लोक करतात ते असे. कोणी पाण्यात टेबल-टेनिसचा चेंडू सोडतात. वाऱ्याने तो हलत राहिला की पाण्यावर साय धरत नाही. थोड्याशा थंडीत हे चालते. उणे वीस अंशांत चेंडूच बर्फात रुतून बसतो. कोणी मिठाच्या पाण्याची बंद बाटली पाण्यात ठेवतात. बाटलीतले पाणी गोठत नाही हे खरे, परंतु त्यामुळे बाटलीबाहेरचे का गोठू नये, हे आम्हांस अद्याप कोणी पटवून दिलेले नाही. बहुतेक लोक विजेवर तापणारी बैठक वापरतात. पारा शून्याजवळ आला की ती आपोआप चालू होते, आणि ती उत्तम काम करते यात शंका नाही. आमच्या मुलाने मादामांना तशी बैठक आणून देण्याची तयारी दाखविली होती. त्यांनी दोन कारणे सांगून नको म्हटले. पहिले आगीचे: खुराड्यात पेंढा, धूळ, पिसे, एक दिवा घसरून पडला की राख. ज्या गावाने आपला मठ दोनदा जळताना पाहिला त्या गावच्या माणसाने आगीला भ्यावे यात नवल नाही. दुसरे कारण १९९८ सालचे. त्या वर्षी जानेवारीत या प्रांतावर पाच-सहा दिवस गोठता पाऊस पडला. बर्फाच्या भाराने विजेचे खांब आणि मनोरे काडीसारखे मोडले, लाखो लोक काळोखात राहिले आणि काही ठिकाणी वीज परत येण्यास महिना लागला. विजेची चूल बंद, नळाचा पंप बंद, आणि विजेवरची कोंबड्यांची भांडी तर पहिल्याच रात्री दगड झाली. मादामांची लाकडाची चूल मात्र चालू होती, घमेले होते, आणि वितळविण्यास बर्फ हवे तेवढे होते.

आता ब्रदर विल्फ्रिड. यांचे आडनाव शातलें. ते ओका येथील मठात कुक्कुटपालनाचे प्रमुख होते. १९०७ साली त्यांचे वडील मठात आले असता ब्रदर त्यांना निरनिराळ्या जातींच्या कोंबड्या दाखवीत होते, आणि ही इंग्लंडची, ती अमेरिकेची असे सांगता सांगता त्यांच्या मनात आले की, यांत आपल्या देशाची एकही नाही, असे सांगतात. शिवाय बाहेरून आणलेल्या या कोंबड्यांना क्वेबेकचा हिवाळा मानवत नसे. हिमदंश प्रथम होतो तो तुऱ्याला आणि चोचीखालच्या पाळ्यांना. त्या मांसाला पिसांचे पांघरूण नाही. आणि पाळ्या तर पाणी पिताना दर वेळी भिजतात, मग त्यावरचे थेंब गोठतात, मांस पांढरे पडते, काळे होते, झडते. कोंबडा पीडेने उदास होतो, कोंबडी अंडी थांबविते. म्हणजे जे पाणी तिला जगविणार तेच तिला जखम करणार!

ब्रदरांनी ठरविले की, तुरा आणि पाळ्या जवळ जवळ नसलेली, अंगाने भरदार, पिसांनी दाट आणि हिवाळ्यातही अंडी देणारी कोंबडी आपण घडवावयाची. त्यांनी एकीकडे कॉर्निश नर व व्हाइट लेगहॉर्न मादी, दुसरीकडे ऱ्होड आयलंड रेड नर व व्हाइट वायंडॉट मादी यांचा संकर केला. त्यांच्या संततीचा परस्परांशी संकर केला. आणि पुढे त्यात व्हाइट प्लिमथ रॉकचे रक्त मिसळले. यांपैकी लेगहॉर्न व ऱ्होड आयलंड रेड ही नावे आमच्याकडील सरकारी कुक्कुटपालन केंद्रांमुळे आपल्या वाचकांस परिचित आहेत. दर पिढीत निवड, दर पिढीत त्याग, असे दहा-अकरा वर्षे चालले. मधल्या काळात, १९१६ साली, मठ दुसऱ्यांदा जळाला. तरी १९१८ साली ब्रदरांनी आपली कोंबडी लोकांपुढे आणली आणि १९२१ साली अमेरिकन कुक्कुटपालन संघाने तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. नाव दिले ‘शाँतक्लेर’, म्हणजे स्वच्छ आवाजात गाणारा. जुन्या फ्रेंच कथांतून धूर्त कोल्ह्याशी गाठ पडणाऱ्या कोंबड्याचे हे नाव आहे. पुढे कारखानदारी कुक्कुटपालनाच्या दिवसांत ही जात इतकी मागे पडली की, १९७० नंतरच्या दशकात ती नष्ट झाली अशीच पुष्कळांची समजूत होती. परंतु लहान लहान शेतकऱ्यांच्या परसांत ती टिकून राहिली होती. १९९९ साली क्वेबेकच्या विधिमंडळाने कायदा करून तिला तेथील घोडा व गाय यांच्या बरोबरीने प्रांताचा वारसा ठरविले.

मौनव्रतात राहणाऱ्या, पहाटे अंधारात उठून स्तोत्रे म्हणणाऱ्या मठवाशाने कोंबडीच्या तुऱ्यावर आयुष्याची इतकी वर्षे का घालवावी, असा प्रश्न कोणास पडेल. मठातील अवजारे आणि भांडीकुंडी ही वेदीवरील पात्रांप्रमाणे जपावी, असे संत बेनेदिक्त यांनी आपल्या नियमावलीत मठाच्या कारभाऱ्यास बजाविले आहे. ब्रदरांनी भांड्याबरोबर त्यातून पिणारीचाही विचार केला, इतकेच.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मादाम दारापुढच्या बर्फावर घसरून पडल्या. मनगटाचे हाड मोडले, कमरेसही मार लागला. इस्पितळात नऊ दिवस राहावे लागेल असे ठरले. मुलगा दिवसभर कामावर. म्हणून कोंबड्या आमच्या स्वाधीन झाल्या. रुग्णवाहिकेत झोपलेल्या स्थितीतही त्यांनी मुलास एकच गोष्ट तीनदा सांगितली: पाणी सकाळी, अकराला, अडीचला, संध्याकाळी घमेले आत, छपराखालची फट बंद करावयाची नाही.

सहा दिवस आम्ही हा नियम तंतोतंत पाळला. सकाळी त्रिकाळ प्रार्थना संपली की लोकरी टोपी, दोन हातमोजे, आणि किटली. कोंबड्या आम्हांस ओळखू लागल्या. अंडी रोज सात-आठ निघत. आणल्याबरोबर ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवावी लागत, नाहीतर वाटेतच तडकत. बर्फाच्या पराती आम्ही मादामांच्या ओळीपुढे लावीत गेलो, आणि खरे सांगावयाचे तर त्या ओळीकडे पाहून आम्हांस थोडा गर्वही वाटू लागला.

सातव्या दिवशी आकाशवाणीवर रात्री उणे एकोणतीस अंशांची सूचना झाली. संध्याकाळी आम्ही खुराड्यात गेलो तेव्हा वारा त्या फटीतून शीळ घालीत होता. आम्हांस त्या मुक्या जिवांची दया आली. पंधरा तास यांनी पाण्यावाचून, वाऱ्यात काढावयाचे? मनात आले, बाईंचा हात मोडला नसता तर त्यांनीही आज काहीतरी अधिक केले असतेच. मग आम्ही कढत पाण्याने भरलेली उघडी बादली आत ठेवली, छपराखालची फट पोत्याने घट्ट बुजविली, आणि दार लावून समाधानाने परतलो. दार लावता लावता कोंबडा बादलीशी जाऊन पाणी पीत असलेला पाहिला, तेव्हा तर फारच बरे वाटले.

सकाळी दार उघडले तो आतून दमट, कोंदट वास आला. खिडकीच्या काचेवर बर्फाची जाड नक्षी होती, आढ्यावर दहिवराच्या सुया लोंबत होत्या, पेंढा ओला लागत होता. बादली गोठून दगड झाली होती. कोंबड्या ठीक होत्या. कोंबडा मात्र कोपऱ्यात मान आखडून उभा होता. त्याच्या तुऱ्याची तिन्ही मधली टोके आणि दोन्ही पाळ्यांच्या कडा मेणासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या.

मुलाने कामावरून परत येताच कोंबड्यांचे जाणकार गाठून विचारले, आणि मग आम्हांस आमची चूक कळली. कोंबडी एकदा दांडीवर चढली की उजाडेपर्यंत खाली उतरत नाही. अंधारात ती पाणी पीतच नाही. रात्रीच्या पाण्याची तिला गरजच नव्हती. ती गरज आमच्या मनाची होती. उलट पंधरा पक्ष्यांचा श्वास, त्यांची विष्ठा आणि वर आमच्या बादलीची वाफ, यांना बाहेर पडावयास आम्ही वाट ठेवली नाही. कोरडी थंडी पक्षी पिसे फुगवून सोसतो. ओल त्याच्या उघड्या मांसावर बसली की तीच गोठते. आणि कोंबड्याने बादलीत पाळ्या भिजविल्या त्या तशाच ओल्या घेऊन तो झोपला. कोंबडे झाकले म्हणून उजाडावयाचे राहत नाही, ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. कोंबडे झाकल्याने त्याचा तुरा जातो, हे मात्र आम्हांस ओका येथे जाऊन शिकावे लागले. त्याच हवेत, त्याच बादलीशेजारी ब्रदर विल्फ्रिड यांच्या चौदा कोंबड्यांना काहीही झाले नव्हते.

पुढचे दोन दिवस फार वाईट गेले. चोळू नका, शेकू नका, आहे तसे राहू द्या, असे जाणकारांनी सांगितले होते. त्यामुळे करण्यासारखेही काही नव्हते. पांढरी टोके निळसर झाली, मग काळी. कोंबडा आरवेना. पहाटे जाग आली की आम्ही अंथरुणातच कानोसा घेत पडून राहत असू. पेत्राला कोंबड्याचे आरवणे ऐकून रडू कोसळले. आमच्यावर न आरवणाऱ्या कोंबड्यापुढे मान खाली घालण्याची पाळी आली.

दहाव्या दिवशी मादाम घरी आल्या. हात प्लॅस्टरमध्ये, दुसऱ्या हाती काठी. घरात न शिरता त्या प्रथम खुराड्याकडे वळल्या. आम्ही मुलास म्हटले, “त्यांनी पाहण्याच्या आधी सांग. बादली आणि पोते, दोन्ही सांग. काही राखून ठेवू नकोस.” तो सांगत असता आम्ही त्यांच्या तोंडाकडे पाहण्याचे टाळून काठीच्या टोकाकडे पाहत होतो. मादामांनी कोंबड्याला काखेत धरले, तुरा निरखला, काहीतरी बराच वेळ बोलल्या.

“काय म्हणतात?” आम्ही विचारले.

“म्हणतात, टोके आपोआप गळून पडतील. त्याला आता शोभेपेक्षा अक्कल अधिक येईल,” मुलगा म्हणाला. “आणि विचारतात, पाणी रोज तीनदा दिले का?”

दिले होते, असे आम्ही म्हणालो. मादाम काही न बोलता कुंपणाकडे गेल्या. आपली शेवटची परात त्यांना बरोबर ठाऊक होती. तेथून त्या काठीच्या टोकाने एक एक परात ठोकीत मोजू लागल्या. नऊ दिवसांच्या सत्तावीस हव्या होत्या, सव्वीस भरल्या. त्यांनी वळून आमच्याकडे पाहिले.

तेव्हा आम्हांस आठवले. रविवारी मिस्साहून आल्यावर दुपारभर ऊन पडले होते, वारा नव्हता, आणि अडीच वाजता घमेल्यात नुसता चुरा तरंगत होता. परात धरलीच नव्हती. मुलाने ते समजावून सांगितले. मादामांनी क्षणभर विचार केला. त्या रविवारी इस्पितळाच्या खिडकीतही ऊन आले होते, असे त्या म्हणाल्या, आणि हसल्या.

त्यानंतर मार्चपर्यंत, त्यांचे प्लॅस्टर निघेतो, पाणी आम्हीच नेत असू; त्या दारात उभ्या राहून काठीने दाखवीत. कोंबड्याच्या तुऱ्याची टोके फेब्रुवारीअखेर गळाली व तो पुन्हा आरवू लागला, पूर्वीपेक्षा किंचित लवकरच. आम्ही निघालो त्या दिवशी परातींची ओळ कोपरा वळून अर्ध्या कुंपणापर्यंत गेली होती. एप्रिलच्या मध्यावर मुलाचा फोन आला. ऊन चढू लागले होते. ओळ आधी वाकली, मग एका दुपारी एकमेकींवर कोसळली, आणि तेथून निघालेला ओघळ परसातून खुराड्याच्या दारावरून वाहत होता. घमेले भरलेले असूनही कोंबड्या ओघळाचेच पाणी पीत होत्या.